शिकवणी आणि वर्ग

(ट्रस्टच्या सुवर्ण महोत्सवानिमित्त झालेल्या भाषणाची संहिता)



सायंकाळी पाचच्या सुमारास कोणत्याही तालुक्याच्या गावी पेठेतून चालत गेले, तर एक दृश्य हमखास दिसते. अंगावर शाळेचाच गणवेश असलेली मुले घराकडे न वळता एखाद्या दुकानाच्या बाजूने वर जाणाऱ्या जिन्याकडे वळतात. जिन्याखाली चपलांचा ढीग असतो. वरच्या खोलीत पन्नास-साठ मुले बाकांवर दाटीवाटीने बसलेली, समोर फळा आणि फळ्यापुढे एक शिक्षक. दुपारी शाळेत चाळीस मुलांना जो धडा शिकविला गेला, तोच येथे साठ मुलांना पुन्हा शिकविला जातो. यालाही आपल्या बोलण्यात 'शिकवणी' असेच म्हणतात. येथेच शब्दाची फसगत सुरू होते. कारण शिकवणी ही वस्तुतः वर्गाहून निराळी गोष्ट आहे आणि त्या जिन्यावरच्या खोलीत जे चालते, तो दुसरा वर्गच होय.

केंद्र सरकारच्या २०२५ च्या शिक्षणविषयक सर्वेक्षणानुसार देशातील सुमारे २७ टक्के विद्यार्थी त्या शैक्षणिक वर्षात खाजगी शिकवणी घेत होते किंवा घेऊन झाले होते. शहरांत हे प्रमाण ३० टक्क्यांच्याही थोडे वर होते. व्यापारी घरांत मुलाच्या शिकवणीचा खर्च किराण्याच्या खर्चाइतकाच गृहीत धरला जातो. दुकानात शेराला शेर तोलून घेणारा माणूस या एका बाबतीत मात्र आपण नेमके काय विकत घेतो, हे कधी विचारीत नाही. तो प्रश्न आज विचारावयाचा आहे.

आधी वर्गाकडे पाहू. एकाच वयाची मुले, एकच पुस्तक, एकच धडा, एकाच तासाला सर्वांनी एकत्र शिकावयाचा, ही रचना आपल्याला सनातन वाटते. ती तशी नाही. जुन्या पंतोजींच्या शाळेत एकाच ओसरीवर कोणी धूळपाटीवर अक्षर गिरवी, कोणी पावकी-निमकी म्हणे, कोणी मोडीचा कित्ता काढी. प्रत्येकाचा पाठ वेगळा असे आणि पुढे गेलेला मुलगा मागच्याला सांगत असे. त्या शाळेत छडीही होती आणि घोकंपट्टीही. तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. परंतु मद्रासच्या अनाथ मुलांच्या शाळेवर देखरेख करणाऱ्या अँड्र्यू बेल या स्कॉटिश धर्मोपदेशकाने वाळूत अक्षरे काढणारी देशी शाळेतील मुले पाहिली, मोठ्या मुलाकडून लहानाला शिकविण्याचा प्रयोग आपल्या शाळेत केला आणि १७९७ मध्ये लंडनमध्ये त्यावर पुस्तिका प्रसिद्ध केली, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. आजचा वयोमानानुसार बांधलेला वर्ग हा मोठ्या संख्येला थोड्या शिक्षकांत शिक्षण देण्याची सोय म्हणून रूढ झाला. सोय म्हणून तो मोठाच आहे. त्याच्याविना कोट्यवधी मुले शाळेत बसलीच नसती.

या सोयीची किंमत मात्र साध्या भागाकाराने कळते. शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक वर्गांसाठी एका शिक्षकामागे ३० आणि उच्च प्राथमिकसाठी ३५ मुले असे प्रमाण ठरविले आहे. तास पस्तीस मिनिटांचा धरला आणि शिक्षकाने फळ्याकडे क्षणभरही न पाहता सारा तास मुलांत वाटला, तरी एकेकाच्या वाट्याला एक मिनिट येते. वास्तवात तेही येत नाही. म्हणून वर्गातील शिक्षक मधल्या मुलाकडे पाहून शिकवितो. हुशार मूल थांबते, मागे पडलेले मूल गप्प बसण्याची कला शिकते. यात शिक्षकाचा दोष नाही, हे पालकांनी एकदा मनाशी ठरवून टाकलेले बरे.

आता खरी शिकवणी म्हणजे काय, ते एका लहान उदाहरणावरून पाहू. तिसरीतील एका मुलाने वजाबाकीची तीन गणिते केली आहेत. ५२ वजा २७ बरोबर ३५. ६४ वजा ३८ बरोबर ३४. ७५ वजा ३१ बरोबर ४४. वर्गात वही तपासली जाते. पहिल्या दोनांवर फुली, तिसऱ्यावर बरोबरची खूण, खाली 'लक्ष देऊन सोडव' असा शेरा. मूल निष्काळजी आहे, असा निष्कर्ष निघतो. आईही तेच म्हणते.

हेच मूल एका शिक्षकापाशी एकटे बसले आणि त्याने एवढेच सांगितले, की बाळ, मोठ्याने बोलत बोलत सोडव. मूल म्हणते, 'सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन.' येथे सारे उलगडते. मूल निष्काळजी नाही. ते एक नियम अत्यंत काटेकोरपणे पाळीत आहे. दोन अंकांपैकी लहान अंक मोठ्यातून वजा करावयाचा, मग तो वर असो वा खाली, हा तो नियम. तिसरे गणित त्याच चुकीच्या नियमाने बरोबर आले, कारण तेथे हातचा लागतच नव्हता. अशा मुलाला 'लक्ष दे' म्हणणे म्हणजे चुकीच्या रस्त्यावर निघालेल्याला अधिक वेगाने चाल म्हणण्यासारखे आहे. त्याला दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या हाती देऊन त्यांतून सत्तावीस काढावयास सांगितले पाहिजे. सात सुट्या देता येत नाहीत, गठ्ठा सोडावाच लागतो, हे त्याच्या बोटांना कळले की नियम आपोआप बदलतो. यास दहा मिनिटे लागतात. वर्गात ही दहा मिनिटे मिळत नाहीत आणि साठांच्या शिकवणीत तर मुळीच नाहीत.

मराठी माध्यमातील मुलांची आणखी एक अडचण आहे. 'पंचवीस' या शब्दात पाच आधी ऐकू येतो, लिहिताना दोन आधी लिहावा लागतो. 'एकोणचाळीस' ऐकले की मुलाच्या कानात 'चाळीस' उरते आणि पाटीवर ४९ उमटतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक', 'साठ तीन' अशी संख्यावाचनाची पर्यायी रीत आली, तेव्हा केवढे वादळ उठले हे अनेकांच्या स्मरणात असेल. डॉ. मंगला नारळीकर यांच्यासारख्या गणितज्ञ विदुषींना त्या वेळी मुलांची ही अडचण वारंवार समजावून सांगावी लागली. भाषेच्या अभिमानाच्या त्या गदारोळात पाटीवर ४९ लिहिणाऱ्या मुलाची आठवण फार थोड्यांना राहिली. त्या मुलाला संख्येची समज नसते असे नाही. केवळ नाव आणि अंक यांची गाठ सुटलेली असते. शेजारी बसलेल्या माणसाला ती तात्काळ दिसते.

तेव्हा शिकवणीचे मर्म चूक ऐकण्यात आहे. वर्गात शिक्षक बोलतो आणि मुले ऐकतात; खऱ्या शिकवणीत मूल बोलते आणि शिक्षक ऐकतो. हा एकच फरक, बाकीचे सारे फरक त्यातून निघतात. ज्या शिकवणीत शिक्षकाचाच आवाज तासभर चालू असतो, तेथे मुलांची संख्या एक असली तरी तो वर्गच समजावा.

या फरकाचे मोजमाप करण्याचा एक गाजलेला प्रयत्न अमेरिकेत झाला. शिकागो विद्यापीठातील बेंजामिन ब्लूम यांनी आपल्या दोन विद्यार्थ्यांच्या संशोधनाच्या आधारे १९८४ मध्ये असे मांडले, की एकट्याने किंवा दोघा-तिघांत चांगली शिकवणी मिळालेला सरासरी विद्यार्थी नेहमीच्या वर्गात शिकलेल्या १०० पैकी ९८ विद्यार्थ्यांच्या पुढे जातो. हा आकडा जगभर फिरला आणि शिकवणीच्या जाहिरातींना त्याने बळ दिले. परंतु ते प्रयोग जेमतेम तीन आठवड्यांचे होते. शिवाय शिकवणीच्या गटातील मुलांना एक घटक ९० टक्के पक्का झाल्याखेरीज पुढे जाऊ दिले जात नव्हते आणि चुका दाखवून पुन्हा शिकविले जात होते. साध्या वर्गाला ही सवलत नव्हती. पुढील संशोधनात लाभ टिकला, पण आकडा खाली आला. २०२० मध्ये सुमारे शंभर प्रयोगांचे एकत्रित फळ काढण्यात आले. त्यानुसार शंभरांत मध्यावर असलेले मूल शिकवणीने साधारण चौसष्टाव्या पायरीपर्यंत चढते. चमत्कार नव्हे, तरी शिक्षणाच्या क्षेत्रात ही मोठीच मजल आहे. त्याच अभ्यासात आणखी दोन गोष्टी दिसल्या. शाळेच्या वेळातली शिकवणी शाळा सुटल्यानंतरच्या शिकवणीहून अधिक फळते. आणि शिक्षकाने अथवा प्रशिक्षण घेतलेल्या सहायकाने दिलेली शिकवणी हौशी माणसाच्या शिकवणीहून सरस ठरते. थकलेल्या मुलाला सायंकाळी सात वाजता तिसऱ्यांदा तोच धडा ऐकविणाऱ्या पालकांनी यातील पहिली गोष्ट लक्षात घ्यावी.

मग वर्ग निरुपयोगी आहे काय? मुळीच नाही. आपल्या परंपरेत स्वाध्यायाचे पाच प्रकार सांगितले आहेत: वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. तत्त्वार्थसूत्रातील हा क्रम शिक्षणशास्त्राच्या दृष्टीनेही विचार करण्यासारखा आहे. अनुप्रेक्षा, म्हणजे मनाशी पुन्हा पुन्हा चिंतन, ती ज्याची त्यानेच करावयाची. तेथे वर्गही नाही आणि शिकवणीही नाही. आम्नाय म्हणजे शुद्ध पाठ. तो समूहात म्हटला की सहज बसतो, हे पाठशाळेतील प्रत्येक मूल जाणते. आणि पृच्छना, म्हणजे प्रश्न विचारणे, ती दोन्हीकडे होते, पण निराळ्या रीतीने. शिकवणीत मूल आपला प्रश्न न लाजता विचारते, हा शिकवणीचा लाभ. वर्गात एकाने विचारलेला प्रश्न इतर एकोणचाळिसांच्या कानी पडतो, आणि त्यांतील कित्येकांना आपल्यालाही हे कळलेले नव्हते याचा शोध तेव्हाच लागतो. आपण एकटेच अडलो नाही, हा दिलासा कोणताही खाजगी शिक्षक देऊ शकत नाही. शेजारच्या बाकावरील मुलीने तेच गणित वेगळ्या रीतीने सोडविलेले पाहणे, आपले म्हणणे दुसऱ्याला पटवून देताना आपलेच चुकते आहे हे ध्यानात येणे, हेही वर्गातच घडते.

येथे कर्मवीर भाऊराव पाटील यांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. कुंभोजच्या शेतकरी जैन कुटुंबात १८८७ मध्ये जन्मलेल्या, स्वतः मॅट्रिकही न झालेल्या या माणसाने तरुणपणी साताऱ्यात उपजीविकेसाठी खाजगी शिकवण्याच घेतल्या होत्या. लोक त्यांना पाटील मास्तर म्हणत. शिकवणीचा जम बसलेला माणूस आयुष्यभर त्यावर सुखाने राहू शकला असता. त्यांनी मात्र १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी एकत्र वसतिगृह उघडले. ते चालविण्यासाठी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने मोडले, हे सर्वश्रुत आहे. एकाच चुलीवरचे अन्न सर्व जातींच्या मुलांनी एका पंगतीला बसून खाल्ले. ज्याला शिकवणीचे बळ ठाऊक होते, त्यालाच तिची मर्यादाही कळली असली पाहिजे. शिकवणी ज्याला परवडते त्याच्याच दारी जाते, आणि पंगतीचे शिक्षण तर ती कोणालाच देऊ शकत नाही.

शिकवणीचे दोषही स्पष्ट बोलले पाहिजेत. सर्वांत मोठा दोष शिक्षकाच्या घाईचा. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७०च्या सुमारास वर्गातील संभाषणे ध्वनिमुद्रित करून दाखविले, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात. हा अवकाश तीन सेकंदांपर्यंत वाढविला तर मुलांची उत्तरे लांब आणि विचारपूर्ण होतात, आणि गप्प राहणारी मुलेही बोलू लागतात. वर्गात निदान चाळीस जणांपैकी कोणीतरी ती शांतता भरून काढतो. शिकवणीत समोरासमोर दोघेच असतात. शांतता जड होते आणि शिक्षक उत्तर सांगून मोकळा होतो. पालक बाजूच्या खोलीत बसलेले असले तर अधिकच लवकर. असे वर्षभर झाले की मुलाला पेन उचलण्यापूर्वी वर पाहण्याची सवय लागते. घरी सारे येते आणि परीक्षेत काही सुचत नाही, ही तक्रार ज्या घरांतून ऐकू येते, तेथे बहुधा याच सवयीचे मूळ असते.

दुसरा दोष नैतिक आहे. दिवसा शाळेत ज्याने शिकवावयाचे, त्यानेच सायंकाळी त्याच मुलांकडून पैसे घेऊन शिकविले, तर दिवसाचे शिकविणे हळूहळू पातळ होते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या २८ व्या कलमाने शिक्षकांना खाजगी शिकवणीस मनाई केली, ती याच कारणास्तव. मनाई कितपत पाळली जाते, याचे उत्तर ज्याने त्याने आपल्या गावात शोधावे.

आणि मग कोटा. राजस्थानातील या शहराची कथा शिकवणीचा वर्ग कसा होतो, याची कथा आहे. जे. के. सिंथेटिक्स या कारखान्यात विनोदकुमार बन्सल नावाचे अभियंते होते. स्नायू क्षीण करणाऱ्या असाध्य आजाराने त्यांना ग्रासले, तेव्हा १९८०च्या दशकात त्यांनी घरीच, जेवणाच्या टेबलाभोवती मुले बसवून शिकविण्यास आरंभ केला. त्या टेबलावर जे घडले ती खरी शिकवणी होती. मुले आयआयटीत जाऊ लागली, कीर्ती पसरली, टेबल अपुरे पडले, सभागृहे आली. २०२१ मध्ये बन्सल यांचे निधन झाले, तोवर त्यांच्या मार्गाने गेलेल्या इतर संस्थांसह ते शहर लाखो विद्यार्थ्यांच्या शिकवणीचा बाजार बनले होते. गुणांच्या उतरंडीनुसार तुकड्या, शेकडोंचे वर्ग, आठवड्याची चाचणी. टेबलाजवळचा तो ऐकणारा कान त्या व्यवस्थेत कोठे बसणार? २०२३ मध्ये त्या एका शहरात वीसहून अधिक विद्यार्थ्यांनी आपले जीवन संपविले. जानेवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने मार्गदर्शक तत्त्वे काढून सोळा वर्षांखालील मुलांना अशा केंद्रांत प्रवेश देऊ नये असे सांगितले. आपल्याकडील लातूर, पुणे, छत्रपती संभाजीनगर येथे मुले पाठविताना आई-वडील जे शुल्क भरतात, ते टेबलाच्या नावाने भरतात आणि मुलाला मिळते ते सभागृह.

तर मग साधारण ऐपतीच्या मुलांना खरी शिकवणी मिळावी कशी? एकास एक शिक्षक सर्वांना देणे कोणत्याही समाजाला परवडणारे नाही. येथे मुंबईचा एक अनुभव मार्गदर्शक आहे. 'प्रथम' या संस्थेने १९९०च्या दशकात मुंबईच्या महापालिका शाळांत 'बालसखी' हा उपक्रम सुरू केला. वस्तीतीलच, बहुधा दहावी-बारावी झालेली एखादी तरुणी थोड्या प्रशिक्षणानंतर तिसरी-चौथीतील मागे पडलेली पंधरा-वीस मुले वर्गातून बाहेर घेई आणि रोज दोन तास त्यांच्याकडून अक्षरओळख आणि बेरीज-वजाबाकी पक्की करून घेई. मानधन अगदी अल्प. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई आणि वडोदरा येथे या उपक्रमाची पारख केली. तो निबंध २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांची प्रगती स्पष्ट दिसली आणि ती मुख्यत्वे सर्वांत मागच्या मुलांची होती. याहून मोलाची गोष्ट अशी, की ती मुले बाहेर गेल्यामुळे ज्यांचा वर्ग लहान झाला, त्या उरलेल्या मुलांत विशेष फरक पडला नाही. म्हणजे नुसती संख्या कमी करून भागत नाही. मूल जेथे अडले आहे तेथून शिकविणे हेच फळते. बॅनर्जी आणि डुफ्लो यांना २०१९ मध्ये मायकेल क्रेमर यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, तेव्हा मुंबईतील त्या बालसखींची आठवण किती जणांना झाली असेल?

समाजाच्या संस्था विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देतात, वह्या वाटतात, गुणवंतांचा सत्कार करतात. ही सारी पुढे गेलेल्या मुलाची पूजा झाली. ज्याला सत्काराचे बोलावणे कधीच येत नाही, त्या सातवीतल्या मुलाला भागाकार येतो की नाही, हे विचारणारे कोणी नसते. आणि शिष्यवृत्तीचा बराच भाग शेवटी क्लासच्या शुल्कातच जातो, हेही विश्वस्तांना ठाऊक आहे. त्यांतील काही रक्कम दुसरीकडे वळविता येईल. निवृत्त शिक्षक, बँकेतून निवृत्त झालेले बंधू, घरी असलेल्या पदवीधर भगिनी यांचे बळ प्रत्येक गावी आहे. मात्र हौस पुरेशी नाही, हे वर सांगितलेल्या अभ्यासावरून दिसतेच. त्यांना आठ-पंधरा दिवसांचे प्रशिक्षण द्यावे, तेही एखाद्या अनुभवी प्राथमिक शिक्षिकेकडून, आणि मानधन द्यावे. फुकटच्या कामाला कोणी जाब विचारीत नाही.

पाठशाळेची खोली सायंकाळी सहानंतर बहुतेक ठिकाणी रिकामी असते. शाळेच्या मुख्याध्यापकांशी बोलून मधल्या वेळेतला तास मिळाला तर उत्तमच. न मिळाल्यास ही खोली आहे. एका माणसापाशी तीन मुले, चारहून अधिक नकोत. पहिल्या दिवशी शिकवू नये. एक परिच्छेद मोठ्याने वाचून घ्यावा, वजाबाकीची तीन गणिते बोलत बोलत सोडवून घ्यावीत, मूल काय म्हणते ते वहीत जसेच्या तसे लिहून ठेवावे. मध्ये बोलू नये. मूल अडले तर मनातल्या मनात तीन आकडे मोजावेत, आणि तरीही ते गप्पच असेल तर आणखी तीन.